डांबर किती, माती किती

“डांबर किती आणि माती किती, सर?” टायरच्या दुकानदाराने विचारलं, आणि मला उत्तर देता येईना.

प्रश्न साधा होता. लांबच्या प्रवासासाठी बांधलेली, घाट चढणारी आणि कच्च्या वाटेवरही न अडणारी ही मोटरसायकल. अशा गाडीला टायर घेताना हाच पहिला प्रश्न असतो. डांबरावरच फिरणार असाल तर गुळगुळीत अंगाचा, बारीक खाचांचा टायर घ्यायचा. तो वळणावर रस्ता धरून राहतो, आवाज करत नाही, पुष्कळ टिकतो. माती, रेती, दगडगोटे यांतून जायचं असेल तर जाड ठोकळ्यांचा, खोल खाचांचा. तो चिखलात पाय रोवतो, पण डांबरावर घुमत राहतो आणि लवकर झिजतो. मधलेही पुष्कळ प्रकार आहेत. पण कुठलाही घ्यायचा म्हटलं तरी पुढची काही वर्षं आपण कुठे जाणार आहोत हे आधी ठाऊक असावं लागतं.

माझ्या बायकोने मान वर न करता उत्तर दिलं असतं. गाडी तिची होती. गेल्या वर्षी शिमगा उलटल्यावर ती वारली. गाडीवरून पडून नव्हे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ऐकणारा प्रत्येक जण आधी तेच धरून चालतो. आजाराने गेली, माहेरच्या घरी, दुपारच्या वेळी, खिडकीतून खाडी दिसेल अशा बेताने लावलेल्या खाटेवर.

मी घाटावरचा. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली म्हणून कणकवलीला आलो आणि इथलाच झालो. ती मालवण आणि देवगडच्या मधल्या एका खाडीकाठच्या गावातली, होडीवाल्याची मुलगी. बँकेत नोकरी करायची. समुद्रावर जाणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला नेमाने जायचं-यायचं असं काहीतरी लागत असावं. तिने होडीऐवजी गाडी घेतली, एवढंच. गाडी ती चालवायची आणि मी मागे बसायचो. कणकवलीत ही मोठी करमणूक होती. चौकातला फळवाला आम्ही थांबलो की विचारायचा, “सर, ब्रेक तरी तुमच्याकडे दिल्यानी की तोय बाईंकडेच?” ती हसायची, मीही हसायचो. मला मागची जागा आवडायची. हंपी मी तिच्या डाव्या खांद्यावरून पाहिली, आंबोलीचं धुकं तिच्या हेल्मेटच्या कडेने पाहिलं, कच्छचं पांढरं रण तर तिच्या पाठीच्या दोन्ही बाजूंनी वेगवेगळं दिसत होतं. आता आठवायला गेलं की प्रत्येक देखाव्याच्या मधोमध तिची पाठ येते. ती वजा करून एकही जागा मला आठवत नाही.

गाडी तिने शेवटची चालवली ती माहेरी जाताना. तेव्हा ती थकलेली होती, आणि मी एसटीने चल म्हणत होतो. ती म्हणाली, “तू एसटीने ये. मी गाडी नेते. आबांच्या खोपीत राहील.” मी एसटीने गेलो. खोप म्हणजे होडी पावसात ठेवायची माडाच्या झापांची शेड. गाडी तिथे होडीच्या शेजारी उभी राहिली आणि मग तिथेच राहिली.

आबा म्हणजे माझे सासरे. ती त्यांना आबा म्हणायची म्हणून मीही म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. मी शिकवत नाही, पुस्तकं सांभाळतो, हे त्यांना अनेकदा सांगून झालं; पण पुस्तकांच्या जवळपास असणारा माणूस त्यांच्या लेखी मास्तरच. सासूबाई फार पूर्वी गेल्या. मेव्हणा जहाजावर असतो, वर्षातून एकदा येतो. गुडघे गेल्यापासून आबाही समुद्रावर जात नाहीत. खाडीत एक लहान होडी आहे, तीत बसून गळ टाकतात, तेवढंच.

ती गेल्यावर मी दर रविवारी तिकडे जाऊ लागलो. आधी दिवस होते, मग महिन्याचं होतं, मग कागदपत्रं, तिची औषधं, तिचे कपडे. मूलबाळ नसलेल्या घरात बायको गेल्यावर जावई सासरी कशासाठी जातो, याला तशी काही रीत नाही. लोक काही म्हणत नव्हते, पण वर्षश्राद्ध उरकलं त्या दिवशी जेवणं झाल्यावर एका वयस्क नातेवाइकांनी मला अगदी मायेने सांगितलं, “सगळा नीट केलास हां तुमी. आता सुटलास.” मला त्यांचा राग आला नाही. पण सुटलो म्हणजे काय ते त्या संध्याकाळच्या एसटीत नीट कळलं. कारणं संपली होती. एकच उरलं होतं, खोपीतली गाडी. पुढच्या रविवारी मी गेलो आणि विचारण्याआधीच म्हणालो, “गाडी बघून जातो म्हटलं.” आबा म्हणाले, “बघा मां. तुमचीच आसा.” मग तेच चालू झालं. मी जायचो, गाडीवरचं कापड काढायचो, पुन्हा घालायचो. आबा चहा टाकायचे. आम्ही फारसं बोलत नसू. संध्याकाळची एसटी आली की मी निघायचो.

गाडीची राखण आबा त्यांच्या पद्धतीने करत होते. इथे लाकडी होडी पावसाआधी वर ओढतात, खाली ओंडके देऊन जमिनीपासून उचलून ठेवतात, आणि उंडीच्या बियांचं काळपट, उग्र वासाचं तेल तिच्या अंगभर चोळतात. लाकूड ते तेल पितं आणि खाऱ्या हवेला दाद देत नाही. आबांनी पहिल्या पावसाआधी होडीला तेल लावलं आणि उरलेलं गाडीला लावलं. दुसऱ्या पावसाआधीही लावलं, यंदा जास्तच जपून. एका रविवारी त्यांनीच मला दाखवलं. टाकीखालच्या सांगाड्याचे नळ, चाकांच्या तारा, स्टँड, सगळं काळसर चमकत होतं. तारांवर गंजाचा एक ठिपका नव्हता. खाडीच्या तोंडावर दोन पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीला गंज नाही, ही साधी गोष्ट नाही.

“एकय जागा सोडूक नाय,” ते म्हणाले. “टायराकय लावलंय.”

मी मान डोलावली. मला बरं वाटलं होतं. तिच्या गाडीवरून असा कुणाचातरी हात फिरतो आहे, एवढंच तेव्हा मनात आलं.

नारळी पौर्णिमा झाली आणि त्या रविवारी आबांनीच विषय काढला. होडी नुकतीच खाली पाण्यात गेली होती. पहिले दोन दिवस ती फळ्यांच्या फटींतून पाणी घेते, मग लाकूड फुगतं आणि फटी आपल्या आपण मिटतात. ते ओट्यावर बसून तिच्यातलं पाणी उपसायची वाट बघत होते.

“मास्तर, दर्या उघडलो. गाडी काढा आता.”

“काढू की. एवढी काय घाई आहे?”

“दोन पावस ती सुकी उबी आसा. होडी एक हंगाम पाण्यात घातली नाय तर फळयो उकलतत. मगे कितीय बुजवा, पाणी येताच.” मग म्हणाले, “ती असती तर इतके दिस ठेवल्यान असती?”

नसती ठेवली, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आणि गाडी कणकवलीला गेली की रविवारी यायला मला काही निमित्त उरणार नाही, हेही माझ्या मते दोघांना माहीत होतं.

पुढच्या खेपेला मी नवी बॅटरी घेऊन गेलो. जुनं पेट्रोल काढलं, नवं घातलं. चालवायला तिने मला शिकवलं होतं, कॉलेजमागच्या मैदानावर, पुष्कळ चिडून. लायसन्स होतं. पण इतकी उंच, जड गाडी मी एकट्याने रस्त्यावर कधी नेली नव्हती. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. तो आवाज त्या अंगणात मी दीड वर्षाने ऐकत होतो. आबा ओट्यावरून उठले आणि उभेच राहिले.

आबांच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत एक चढण आहे. तांबडी माती, अधेमधे उघडा कातळ, आणि वरच्या अंगाला एक आखूड वळण. ती ही चढण पायटांवर, म्हणजे पाय टेकायच्या दांड्यांवर, उभी राहून चढायची, आणि मी तिच्या मागे उतरून चालत यायचो. त्या दिवशी मी बसूनच चढलो. वळणापर्यंत पोहोचलो, आणि तिथे कातळावर मागचं चाक असं बाजूला गेलं की कुणी हाताने सरकवावं. फार वेगात नव्हतो. गाडी आडवी झाली, मी शेजारी बसलेला.

आबा काठी टेकत वर येईपर्यंत मी गाडीकडेच बघत होतो.

“लागला खंय?”

“नाही.”

“गाडयेक?”

“आरसा वाकडा झालाय.”

“आरसो काय, सरळ होतलो.” त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. काही मोडलेलं नाही याची खात्री झाल्यावर मग म्हणाले, “तुमच्या तितक्या पुस्तकांत गाडी उबी धरूची कशी ता खंय लिवलेला नाय?”

पडलेली गाडी उचलायची रीत तिने मला शिकवली होती. गाडीकडे पाठ करायची, सीटला कंबर टेकवायची, एका हातात हँडल आणि एका हातात मागचा दांडा धरून पायांनी मागे मागे चालत जायचं. हाताने ओढायचं नाही. मी तसं केलं. आबांनी काठी टाकून पुढून हात लावला. गाडी उभी राहिली तेव्हा मागचा टायर माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी त्यावर बोट टेकवलं. रबर लोण्यासारखं मऊ झालं होतं. नखाची खूण उमटली आणि तशीच राहिली. खाचांच्या तळाशी तपकिरी चिकटा होता, बाजूला बारीक भेगा गेल्या होत्या. बोट नाकाशी नेलं तर उंडीच्या तेलाचा वास.

आबा विचारत होते, “घसारलास कसे?”

“गवत ओलं होतं,” मी म्हटलं.

गाडी आम्ही मागे मागे सरकवत खाली उतरवली.

त्या टायरवर चालवणं शक्य नव्हतं. मी टेंपो बोलावला. गाडी दोरांनी बांधून वर चढवली, तेव्हा आबा खोपीच्या दाराशी उभे होते. आत गाडीच्या जागी जमिनीवर दोन तेलकट डाग होते, पुढच्या आणि मागच्या चाकाचे. ते डाग बघत बघतच ते म्हणाले, “आता रविवारी तुमका कामा असतली.”

मला मोकळं करण्यासाठी ते तसं म्हणाले. टेंपो वळणावर गेला तेव्हा मी मागे पाहिलं. ते अजून खोपीकडे तोंड करूनच उभे होते.

त्यानंतरचे दोन रविवार मी कणकवलीतच होतो. गाडी इमारतीच्या खाली, जिन्याजवळ. मी तिची साखळी साफ करायला घेतली. रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश, फडकं. साखळीच्या कड्यांत उंडीचं तेल आणि धूळ यांचं काळं वाटण बसलं होतं. आमच्याकडे रविवारी सकाळी हेच चालायचं. ती खाली बसून साखळी घासायची, ताण बघायची, आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून तिला मोठ्याने वाचून दाखवायचो. जे वाचत असेन ते. तिला गोष्ट मधूनच ऐकायला आवडायची. आधी काय झालं हे ती कधी विचारत नसे. मी थांबलो की फडकं हलवायची, म्हणजे पुढे चल. आता घासणारा मी होतो. पायरी रिकामी होती. साखळी फिरवली की मागच्या चाकाची टिकटिक ऐकू यायची. ती इतकी स्पष्ट असते हे मला पूर्वी कधी कळलं नव्हतं, कारण मी वाचत असायचो.

मागचा टायर फिरवताना तिने ठोकलेली पट्टी दिसली. पंक्चर झालेल्या बिनट्यूबच्या टायरमध्ये बाहेरूनच चिकट पट्टी खुपसून भोक बुजवतात. तिचं टोक टायरवर चामखिळीसारखं दिसत राहतं. धामापूरच्या तलावाकडून येताना खिळा घुसला होता. तिने रस्त्याच्या कडेला बसून टोच्याने भोक मोठं केलं, पट्टी ढकलली, आणि मला म्हणाली, “थुंक जरा यावर.” मी थुंकलो. बुडबुडा आला नाही. “बघ, तुझाही उपयोग होतो,” ती म्हणाली. ते टोक अजून तिथेच होतं, झिजून टायरच्या पातळीला आलेलं. हवा त्यातून कधी गेली नाही. बाकीचा टायर संपला होता आणि तेवढा एक ठिपका शाबूत होता.

तिसऱ्या आठवड्यात चाकं काढून रिक्षात घातली आणि दुकानात गेलो. दुकानदार तिच्या ओळखीचा होता. त्याने मागच्या टायरवरून अंगठा फिरवला, वास घेतला, आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला.

“सर, ह्येका काय भजी तळूक घेतलेलास? तेल कोणी लावल्यान ह्या?”

“लागलं कुठेतरी.”

“लागला? दोनदा न्हाऊ घातल्यानी ह्येका! रबराक तेल म्हणजे वीख. बाईंनी बघितला असता तर घरात घेतल्यानी नसता तुमका.”

तो भला माणूस आहे. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो उगीच फळीवरचे टायर सरळ करू लागला. मी काही वाईट वाटून घेतलं नाही. तिने घरात घेतलं नसतं हे खरंच होतं. तेल कुणी लावलं ते मात्र मी सांगितलं नाही.

मग त्याने तो प्रश्न विचारला. डांबर किती, माती किती.

मी म्हटलं, उद्या सांगतो. उद्याचे चार-पाच दिवस झाले. कॉलेजात पुस्तकं परत घेता घेता मी मनाशी रस्ते मांडत होतो. ग्रंथालय घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. बाजार त्याहून जवळ. म्हणजे गाडी लांबच्या वाटेसाठीच. हंपी? मी स्वतःला हायवेवर पाहायचा प्रयत्न केला, सपाट डांबर, घट्ट टायर, दोन्ही बाजूंनी उघडं आभाळ, आणि समोर कुणाची पाठ नाही. तसं दृश्य मला पुरतं उभंच करता येईना. जाईन कदाचित कधी. पण त्यासाठी टायर घेणं म्हणजे न वाचायचं पुस्तक घेण्यासारखं होतं, आणि तशी माझ्याकडे पुष्कळ आहेत.

गाडी विकून टाकावी असंही एका सकाळी वाटलं. गोव्याचा एक जण तयार होता, त्याने टायरचंही विचारलं नव्हतं. त्याचा फोन मी उचलला नाही.

शेवटी एका संध्याकाळी दुकानात गेलो आणि म्हटलं, “बहुतेक सगळं डांबर. शेवटी थोडी माती. चढण आहे, कातळ आहे, एक आखूड वळण आहे.”

“म्हणजे किती?”

मी वाट सांगितली. तो त्याच भागातला; त्याला ती चढण कळली.

“अहो सर, तितक्याश्या वाटेसाठी मातीचो टायर? चालत जावा ना तितका. सगळो रस्तो डांबर आसा तर डांबराचो घेवा. मऊ जातलास. ह्यो घेतलास तर घरापासून थंयपर्यंत कानात भुंगो.”

“माहीत आहे.”

“आणि झिजतलो लवकर.”

“झिजू दे. त्या वाटेसाठीच घ्यायचाय.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आतून टायर काढून आणले, जाड ठोकळ्यांचे, मोठ्या खाचांचे. चाकांवर चढवले, तोल बघितला. मग हवेची नळी हातात घेऊन मान वर न करता विचारलं, “हवा एकट्याची भरू की दोघांची?” मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा जास्त भरतात. इतकी वर्षं ती जास्तीची हवा माझी होती.

“एकट्याची,” मी म्हटलं.

जुने टायर त्याने भंगारात टाकायला उचलले. मी ते मागून घेतले.

रविवारी सकाळी निघालो. नव्या टायरला सुरुवातीला बाहेरून एक बारीक गुळगुळीतपणा असतो; तो झिजेपर्यंत वळणं हळू घ्यायची. मी तसाही हळूच जाणार होतो. जुने दोन्ही टायर मागच्या सीटवर, माझ्या जागेवर, एकावर एक ठेवून दोरीने बांधले होते. हायवेवर ट्रक मागून भोंगे वाजवत गेले. टायर घुमत होते, दुकानदार म्हणाला होता तसेच, एकसारखे, भुंग्यासारखे. तासाभराने त्या आवाजाची सवय झाली. कुणीतरी तोंड मिटून काहीतरी म्हणत असावं तसा तो मला वाटू लागला, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

चढणीच्या वर थांबलो. एक पाय टेकून खालचं वळण पाहिलं. मग ती जायची तसा पायटांवर उभा राहिलो, गुडघे सैल सोडले आणि उतरलो. कातळावर मागचं चाक किंचित हललं आणि पुन्हा जमीन धरून बसलं. खाली अंगणात येऊन इंजिन बंद केलं.

आबा खाडीच्या पायऱ्यांवर होते. आवाज ऐकून उठले असतील. मी पोहोचलो तेव्हा काठी शोधत होते.

“कामा नाय होती?” त्यांनी विचारलं.

“हेच काम होतं. जुने टायर आणलेत. धक्क्याला होडी घासते तिथे बांधायला होतील म्हटलं.”

इथे प्रत्येक होडीच्या कडेला, प्रत्येक धक्क्याला जुने टायर बांधलेले असतात, आपटून लाकूड फुटू नये म्हणून. आबांनी पुन्हा पायरीवर बसून एक टायर मांडीवर घेतला आणि फिरवून बघू लागले. त्यांची बोटं खाचांमधून हळूहळू जात होती. एका जागी थांबली. त्यांनी बोट नाकाशी नेलं. मी खाडीकडे बघत होतो.

“ह्या तेल माज्या हाताचा,” ते म्हणाले.

मी दुसरा टायर पायरीवर ठेवला.

“म्हणान पडलास तुमी.”

“गवत ओलं होतं, आबा.”

“गवात खंय आसा थंय? कातळ आसा नुसतो.” आवाज चढलेला नव्हता. “होडयेचा लाकूड तेल पिता. माका वाटला ह्याय पियत. तिची गाडी. म्हटला, खारा वारा लागाक नको.”

“गंज एक ठिपका नाही लागलेला,” मी म्हटलं. ते खरं होतं, आणि मला तेच सांगायचं होतं. “दुकानदारही म्हणाला, तारा नव्यासारख्या आहेत.” हे शेवटचं तो म्हणाला नव्हता.

आबांनी मान हलवली. कशाला हलवली ते कळलं नाही. मग त्यांचं बोट त्या पट्टीच्या ठिपक्यावर आलं.

“ह्या काय खुपसलेला?”

“पंक्चर झालं होतं. तिने बुजवलं. धामापूरहून येताना.”

त्यांनी सुंभाची दोरी मागितली. मी खोपीतून आणून दिली. टायर त्यांनी होडीच्या कडेला बांधला, दोनदा सोडून पुन्हा बांधला. मला वाटलं उंची जमत नसेल. मग दिसलं, ठिपक्याची बाजू ते आत, होडीकडे वळवत होते, आपटेल त्या बाजूला येऊ नये म्हणून. दुसरा टायर धक्क्याच्या खांबाला गेला. भरतीचं पाणी चढत होतं. होडी हलली, टायर मध्ये आला, आणि लाकडाचा नेहमीचा आवाज झाला नाही.

वर येताना त्यांनी नव्या टायरच्या ठोकळ्यांवर काठी टेकवून पाहिली. “हे असले मोठे दात कित्याक?”

“तुमच्या चढणीसाठी.”

त्यांनी वर चढणीकडे पाहिलं. “इतक्याश्या चढणीसाठी?”

“दर रविवारी चढायची-उतरायची आहे.”

ते खोपीच्या दाराशी जाऊन आत बघत उभे राहिले, जिथे ते दोन तेलकट डाग अजून होते. मग पाठमोरेच म्हणाले, “पुढच्या पावसात गाडी हय हाडतलास मां?”

“आणतो. पण टायरला तेल नाही लावायचं, आबा.”

“नाय लावचंय. मगे काय करूचा तेंका?”

“लाकडावर चढवून ठेवायची. चाकं जमिनीपासून वर. म्हणजे एका जागी दबत नाहीत.”

“होडयेसारखी?”

“होडीसारखीच.”

“ता आधी सांगूचा मां, मास्तर,” ते म्हणाले, आणि आत शिरले. पाऊस आत्ता कुठे सरत आला होता, पुढच्याला पुष्कळ महिने होते. तरी आतून ओंडके ओढल्याचा, एकावर एक ठेवून बघितल्याचा आवाज येऊ लागला. मी मदतीला येऊ का विचारलं, तर नको म्हणाले.

मला हवा बघायची होती. चढण उतरताना मागचं चाक थोडं बसल्यासारखं वाटलं होतं. पण हवा टायर थंड असताना बघायची असते, चालून आलेल्या गाडीचं माप खरं येत नाही. मी हात लावून पाहिला. टायर अजून चांगले गरम होते. पिशवीतून पुस्तक काढलं आणि ओट्याच्या पायरीवर बसलो.